वॉरंटीतलं भूत

भूत दिसल्यावर खरेदीचं बिल शोधणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा मामेसासरा आहे. माझ्या बायकोचा सख्खा मामा. इतर माणसं असं काही दिसलं की किंचाळतात, तापानं फणफणतात, गंडेदोरे बांधून घेतात. आमच्या मामाजींनी कपाट उघडलं, छऱ्याच्या रायफलीचं बिल काढलं, वॉरंटी संपायला किती दिवस उरले ते बोटांवर मोजलं आणि मला फोन लावला. "जवाईबुवा, रिकामे हा काय? कंपनीले एक अर्ज लिहाचा हाये. रायफलीत माणूस दिसून राह्यला."

माझं पांढरकवड्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. पीकविम्यापासून लग्नाच्या बायोडाटापर्यंत मी सगळं टाइप केलं आहे. पण "निशाण धरले असता नळीच्या टोकाशी एक काळपट इसम उभा राहतो, तरी सदर दोष वॉरंटीत दुरुस्त करून मिळावा" हे वाक्य टाइप करताना माझ्या बोटांना जो आनंद झाला, तो पुन्हा कधी व्हायचा नाही.

मामाजी आयटीआयमध्ये टर्नर शिकवायचे. तीस-पस्तीस वर्षं लेथसमोर उभं राहून त्यांच्या अंगात दोन गोष्टी मुरल्या होत्या. एक म्हणजे बाजारातून आलेली कुठलीही वस्तू अर्धवट असते आणि ती पूर्ण करणं हे गिऱ्हाइकाचं काम असतं. त्यांच्या घरातल्या मिक्सरला सायकलचं हँडल आहे, कूलरला ट्रकची ताडपत्री आहे, आणि मामींच्या शिलाई मशीनला तर त्यांनी ब्रेक बसवला आहे. कशासाठी, ते मामींनी विचारलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःच्या नजरेवरचा विश्वास. "गेज लावा लागते ते शिकाऊ पोट्टं," ते म्हणत. "कारागीर नुसतं पाह्यते अन् सांगते." खरोखर सांगतही. आमच्या लग्नाचा मांडव पाहून त्यांनी लांबूनच "उजवीकडचा बांबू दोन बोटं कलला" असं जाहीर केलं होतं, आणि जेवणं सुरू असताना तोच बांबू भाताच्या पातेल्यावर आला.

निवृत्तीनंतर त्यांनी छऱ्याची रायफल घेतली. नळी मोडून छरा भरायचा, पुन्हा सरळ करायची, आणि घरामागच्या तारेला टांगलेली डब्यांची झाकणं वाजवायची. कुणा जिवावर त्यांनी ती कधी रोखली नाही. माकडं तर कुंपणावर बसून पाहायची, आणि नेम लागला की शेपटी हलवायची, असं मामाजी शपथेवर सांगतात. रायफल घरी आली त्याच दुपारी त्यांनी ती उघडली. स्प्रिंग बदलली, घोडा घासून हलका केला, आणि हायवेवरच्या टायरवाल्याकडून रबराचा तुकडा आणून खांद्याला लागणाऱ्या भागावर चिकटवला. पुढं खरोखरच एक स्क्रू गळून पडला, तेव्हा सगळे बदल काढून तांदळाच्या कोठीत लपवले आणि रायफल जणू कालच जन्मली अशा अवस्थेत कंपनीला पाठवली. रबर मात्र राहून गेलं. कंपनीनं लिहिलं, बाहेरचा सुटा भाग लावल्यामुळे वॉरंटी रद्द होऊ शकते. मामाजी दुकानात येऊन टेबलावर हात आपटून म्हणाले, "लिहा! बायकोले नवं लुगडं घेतलं म्हणून लगन रद्द होते काय?" मी त्याचं "सदर रबर केवळ शोभेचे होते" असं भाषांतर केलं. स्क्रू मिळाला.

आता एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. आमच्याकडे भाचीचा मान मोठा. मामा भाचीच्या पाया पडतो, आणि भाचजावयाच्याही. मामाजींनी बाकी सगळ्या रीतीभाती, उपासतापास, नवससायास केव्हाच मोडीत काढले, भूतखेत हा शब्द काढला तरी ते चिडतात. पण ही एक रीत त्यांनी घट्ट धरून ठेवली. मी दारात गेलो की ते वाकतात. त्यांच्या घरात मी पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचललेला नाही. एकदा खुर्ची सरकवायला गेलो तर मामी धावत आल्या. "राहू द्या नं जवाईबुवा! घरी आलेल्या जवायाले काम सांगतो काय आम्ही? लोकं तोंडात शेण घालतीन आमच्या!" तेव्हा रायफल मी वर्षभर रोज पाहिली, पण तिला बोट लावलं नाही. मामींनी तिला "ते लचांड" असं नाव ठेवलं होतं, त्याही लावत नव्हत्या. त्यांच्या दोन मुली लग्न होऊन दूर. म्हणजे त्या रायफलीतून जगाकडे पाहणारा डोळा एकच होता.

उन्हाळ्यात पहिली तक्रार झाली, नळी वाकडी असल्याची. मामाजी निशाण धरायचे आणि दात ओठ खायचे. "मंधात बाक हाये. सापासारका." रायफल गेली, पंधरा दिवसांनी परत आली. सोबत कंपनीनं त्यांच्याकडे झाडलेल्या पाच छऱ्यांचा कागद, पाचही एकाच भोकातून गेलेले. दोष आढळला नाही. मामाजींनी तो कागद उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "ह्या लोकायनं दुसऱ्याच बंदुकीनं मारले." मग दुर्बीण बसवली. आतल्या दोन बारीक रेषाही वाकड्या निघाल्या. दुसरी दुर्बीण आणली. तिच्याही वाकड्या. त्या उन्हाळ्यात मामाजींचा मनुष्यजातीच्या कारागिरीवरचा विश्वास पार उडाला.

आणि पोळ्याच्या आधी तो माणूस आला.

मी मुद्दाम दुपारी गेलो होतो. भर दुपारी त्यांच्या घरामागं जी शांतता असते, तिच्यात माणसाला स्वतःच्या चपलेचीही भीती वाटते. तारेवरची झाकणं वारा नसताना हळूच फिरत होती. त्यांच्यामागं पळसाचं झाड, मग कापसाच्या पऱ्हाटीचं शेत, मग जंगलाची काळी कड. मामाजी पोत्यावर कोपर टेकून बसले, डावा डोळा मिटला, आणि त्यांचा आवाज बदलला. "आला."

"कुठं?"

"झाकणाच्या म्होरं. उभा हाये."

मला काही दिसत नव्हतं. "कसा आहे?"

"तोंड नाई. खांदे हायेत. हालत नाई." त्यांनी रायफल कण्हत थोडी डावीकडं वळवली. "पळसाकडं पाह्यलं तं पळसापाशी गेला. चालला नाई. पोचला." मग उजवीकडं. "आता तारेच्या खुट्यापाशी. जिथं नजर टाकतो तिथं माह्या आधी जाऊन उभा रायते." त्यांनी रायफल खाली ठेवली, दोन्ही डोळे उघडले. "गेला. म्हणूनच सांगतो, दोष बंदुकीत हाये. लिहा."

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते, आणि मी इतका खूश होतो की मला धड बसवत नव्हतं. असं भूत, तेही भरदिवसा, तेही नातेवाइकाच्या घरी, कुणाच्या नशिबी येतं? त्या संध्याकाळी मी हायवेवरच्या पानठेल्यावर ते सांगितलं. अभिनय करून सांगितलं. हैदराबादकडे निघालेले दोन ट्रकवाले पान तोंडात तसंच ठेवून ऐकत राहिले. मी रोज थोडं वाढवत गेलो. लोकांनी त्याहून वाढवलं. आठ दिवसांत त्या माणसाला नाव मिळालं, गाव मिळालं, मरणाचं कारण मिळालं. पळसाखाली कुणीतरी लिंबं आणि नारळ ठेवून गेलं. मामाजींनी लिंबांचं सरबत केलं, नारळाची मामींनी चटणी केली, आणि मामाजी म्हणाले, "भूत असतं तं आंघोळीले पाणीबी ठेवलं असतं लोकायनं." पण मला वाटतं, त्या दिवसांत मामाजींच्याही मनाला ते थोडं चाटून गेलं होतं. दुपारी मामी मागच्या दारी तांदूळ निवडायला बसायच्या, त्या पुढच्या खोलीत बसू लागल्या. मामाजी एकटेच मागं. एकदा मी पाहिलं, ते निशाण धरून बसले होते, छरा न भरता, आणि कुणाला तरी अगदी हलक्या आवाजात विचारत होते, "काहून आला रे बापा?"

कंपनीला तीन पत्रं गेली. तिसऱ्याला उत्तर आलं, आणि ते ज्यानं लिहिलं तो मला आजही भेटावासा वाटतो. मजकूर सभ्य होता. आपण म्हणता तो इसम उन्हाळ्यात केलेल्या आमच्या तपासणीत आढळला नाही. तरी कृपया दुसऱ्या एखाद्या व्यक्तीने रायफल हाताळून हा दोष पाहिला असल्यास त्यांच्या सहीनिशी कळवावे. वॉरंटी दिवाळीत संपत होती आणि दिवाळी बारा दिवसांवर होती.

मामाजींनी मामींना विचारलं. "मी कायले धरू ते लचांड? मले दिसला अन् माह्या मांगं घरात आला तं?" शेजाऱ्यांशी कुंपणाच्या तारेवरून भांडण होतं. उरलो मी. मामाजी दोन दिवस दुकानासमोरून गेले, आत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, माझ्या पाया पडले आणि खालीच बसून राहिले. "जवाईबुवा, तोंडानं सांगवत नाई. पण एक काम सांगा लागते तुमाले."

त्या दुपारी त्यांनी माझ्यासाठी पोत्यावर धुतलेली चादर अंथरली. मामींनी कुंकवाचा करंडाही आणला होता, तो मामाजींच्या नजरेसरशी परत गेला. बोंडं फुटली होती, शेत पांढरं झालं होतं, आणि त्या पांढऱ्यावर एखादं काळं काही उभं राहिलं तर ते कसं दिसेल, याचा मी नको तितका विचार करून आलो होतो. इतके दिवस ज्याला मी पानठेल्यावर चालवला, बोलवला, मारला, तो आता मला प्रत्यक्ष भेटणार होता. मामाजींनी छरा भरून दिला, तशी मी रायफल खांद्याला लावली. डावा डोळा मिटला. घाम आला. उजवा उघडायला मला चांगलं अर्धं मिनिट लागलं.

झाकण होतं. त्यावरचा गंजाचा ठिपकासुद्धा दिसत होता. पळस होता. शेत पांढरंशुभ्र, रिकामं. दुर्बिणीतल्या रेषा सुतासारख्या सरळ. माझ्या हातून घोडा दाबला गेला आणि झाकण टणकन वाजलं. मी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक धरली होती.

"दिसला?" मामाजींनी विचारलं.

खोटं सांगून सही करावी, असं मला खरंच वाटलं. कंपनी हरली असती, मामाजी जिंकले असते, गोष्टही शाबूत राहिली असती. पण मान आपोआप आडवी हलली. बोलल्या त्या मामी, मागच्या दारातून. "त्यायले म्हणा, दुसऱ्या डोयानं पाहा."

मामाजींनी रायफल डाव्या खांद्याला लावली. अवघडल्यासारखी, नव्या पोरानं लेथला हात लावावा तशी. उजवा डोळा मिटला. बराच वेळ पाहत राहिले. "नाई," ते म्हणाले. "सरळ हाये. सगळं सरळ हाये."

मग त्यांनी रायफल चादरीवर ठेवली, डाव्या डोळ्यावर तळहात धरला आणि माझ्याकडं वळले. समोर, हातभर अंतरावर मी. त्यांचा उघडा डोळा माझ्यावर होता आणि तरी माझ्यावर नव्हता.

"जवाईबुवा," ते हळूच म्हणाले, "आता तुमच्या तोंडावर येऊन उभा राह्यला."

इतक्या भुतांच्या गोष्टी मी सांगितल्या, पण अंगावर खरा काटा तेव्हा आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी चौकड्यांचा एक कागद समोर धरला, डावा डोळा झाकायला सांगितला आणि विचारलं, "रेषा सरळ दिसतात का?" मामाजी म्हणाले, "कागद कोन्या कंपनीचा हाये?" बाई हसल्या. मी हसलो नाही. डोळ्याच्या पडद्यामागं, अगदी मध्यावर रक्त झिरपलं होतं. एका डोळ्याला होतं तेव्हा दुसरा सांभाळून घेतो, म्हणून कळत नाही, बाई म्हणाल्या. एक डोळा मिटून बघणाऱ्यालाच कळतं, तुमचं तसं नशीब चांगलं होतं. इंजेक्शनं देऊ. आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, मधलं गेलंय ते मात्र येणार नाही. "पहिल्यांदा दिसलं तेव्हाच आला असता तर." एवढं म्हणून त्या लिहायला लागल्या. मी त्यांच्या खोलीतल्या फरश्या मोजत होतो. पोळा ते दिवाळी. तितके दिवस मी एका माणसाचा जात असलेला डोळा पानठेल्यावर विकत होतो, आणि त्यातला एकही दिवस मला परत करता येत नव्हता. मामाजींनी मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. मी जावई पडलो.

वॉरंटी संपायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला शेवटचा अर्ज सांगितला. या वेळी ते अर्जाच्याच भाषेत बोलले, मला काही बदलावं लागलं नाही. "रायफल निर्दोष आहे. इसम माझा आहे. तक्रार मागे घेतो. तुमच्या तपासणाऱ्या माणसाला उगाच बोल लावला, त्याबद्दल माफी असावी."

आता ते डाव्या खांद्यावरून झाकणं वाजवतात. दहातली चार लागतात. हा इसम दुसऱ्या डोळ्यातही येऊ शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. येईलच असं नाही. आम्ही गेलो की गप्पांच्या मध्येच मामाजी बोलायचे थांबतात आणि एकेकाकडं टक लावून पाहत बसतात. माझ्या बायकोकडं, माझ्याकडं, मामींकडं तर इतकं, की त्या पदर सावरून म्हणतात, "काय पाह्यता असं? लाज नाई वाटत, जवाई बसले इथं!"

"काई नाई," ते म्हणतात. "पाहून ठेवतो."

मग मी, ज्याला त्या घरात खुर्ची सरकवायची मुभा नाही, तो हळूच खुर्ची सरकवतो आणि तोंड दाराकडं, उजेडात करून बसतो. मामी पाहतात. आता धावत येत नाहीत.