मुद्रितशोधकाचा पासवर्ड

छापखान्यात त्याला सगळे ‘काना-मात्रा’ म्हणत. दुसऱ्यांची अक्षरं तपासण्यात त्याचा उभा जन्म गेला. कुणाची वेलांटी चुकली तरी याच्या कपाळाला आठी. पगारातून उरेल तसं त्यानं थोडंथोडं बिटकॉइन घेऊन ठेवलं होतं. ते खर्चायला लागणाऱ्या गुप्त किल्ल्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या एकाच फाइलमध्ये होत्या. धाकट्या भावाची त्या कॉम्प्युटरवर ऊठबस वाढली, तशी यानं फाइल एन्क्रिप्ट करून टाकली. पासवर्डाशिवाय उघडली तर नुसता अक्षरांचा कचरा. पासवर्ड म्हणजे एक लांबलचक वाक्य, तेही मुद्दाम अशुद्ध लिहिलेलं.

“माझ्या हातून चूक होईल, असं चोराच्या स्वप्नातही येणार नाही,” तो बायकोला म्हणाला. वाक्य मात्र तिलाही सांगितलं नाही. ते तिच्या मनाला लागलं.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. वाक्य डोक्यात लख्ख होतं. पण डाव्या हातानं टाइप करू गेला की भलतीच अक्षरं उमटत.

दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी भावानं त्याला कॉम्प्युटरपुढे बसवलं. “दादा, टाक पासवर्ड.” चार-पाचदा चुकल्यावर भाऊ हसला. “पाणी मागायची खूण बरोबर जमते, वहिनी. एवढंच तेवढं विसरला! झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?”

बायको दिराला झापेल असं त्याला वाटलं. ती त्यालाच म्हणाली, “माझ्यापासूनच लपवायचं होतं ना? बसा आता मुके.”

त्याला पुन्हा बोलायला शिकवायला येणाऱ्या बाईंचं येणं भावानं बंद केलं. नाटकाला मास्तर कशाला? ताट पलंगाशी आदळू लागलं. तो एकटाच, एका बोटानं, अक्षरं गिरवत राहिला.

कित्येक महिन्यांनी एका दुपारी वाक्य चुकांसकट बरोबर उमटलं. फाइल उघडली. त्याचा ऊर भरून आला आणि तोंडून स्वच्छ शब्द निघाला, “अगं!”

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. नजर थेट पडद्यावर. “उघडली का?”

तो बोलला, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती खुर्चीपाशी पोचायच्या आत त्यानं फाइल बंद केली. मान हलवून ‘नाही’ म्हटलं. आणि हे तिला लगेच पटलं.

पुढच्या आठवड्यात भावानं कॉम्प्युटर भंगारात दिला. तो खिडकीतून बघत राहिला. अडवलं नाही.