मधलं ठाणं

तार खात्यातल्या चिंतामण सोहनींना कुणी विचारलं, तुमचं काम काय, तर ते म्हणत, "आवाज पोचेल की वाटेत मरेल, ते आधी सांगायचं." साताऱ्याच्या डोंगरावरून सुटलेली बिनतारी लहर सांगलीला पोचेपर्यंत किती उरेल, याचा हिशेब ते मांडत. सुटताना ताकद किती, अंतरात आणि डोंगरांच्या आडोशाला गळती किती, दोन्हीकडच्या अँटेनांची भर किती. आणि शेवटी धुक्यापावसासाठी राखायची शिल्लक. यातच केस पिकले, संसार मात्र सांगलीलाच राहिला.

त्र्याहत्तर साली साहेबांनी शब्द दिला. लहर थेट पोचत असेल तर सांगलीचं केंद्र सोहनींकडे. नसेल तर कडेगावच्या डोंगरावर मधलं ठाणं उभारायचं, आणि तेही सोहनींनीच चालवायचं. घरी आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. बायको शकुंतला तिचं सगळं एकटीच करत होती.

हिशेब जमला, पण कोरड्या दुपारपुरता. थंडीत, पाणी पाजलेल्या उसाच्या खोऱ्यावर पहाटे हवा थिजली की लहर वाकून भरकटते. तेवढ्याला राखीव शिल्लक पुरत नव्हती. पहाटेची ती गळती कागदावर जरा कमी दाखवली, की सांगलीचं केंद्र हाती.

जीपचा ड्रायव्हर नाथाजी फौजेतून आलेला. तो म्हणाला, "आवं सायेब, थोडं हिकडंतिकडं झालं तर कुणाला कळतंय? घरला जावा. लय दमलाय तुमी."

"आणि पहाटे कुणाला डॉक्टर हवा असला, अन् फोन लागला नाही तर?"

"तवाचं तवा बघू."

सोहनींना त्याचा राग आला नाही. राग आला तो स्वतःच्या डोक्याचा. खोटी बेरीज करायची अक्कल देवाने गावभर वाटली आणि यांची पाळी आली तेव्हा नेमकी संपली. त्यांनी खरा आकडा दिला.

वर्षभरात ठाणं उभं राहिलं. डोंगरावर वारा, पत्र्याची खोली आणि सोहनी. चाचणीच्या सकाळी धुकं अजून विरलं नव्हतं. सांगलीच्या केंद्रातल्या मंडळींनी शकुंतलेला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"ऐकू येतंय का?" सोहनींनी विचारलं.

"अहो, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं वाटतंय. जाते मी. आईंना कुशीवर वळवायची वेळ झालीय. मला एकटीला आता उचलवत नाही हो."

सोहनी रिसीव्हर कानाशी धरून उभे राहिले. कुठे खरखर नव्हती. तिला लागलेला दमसुद्धा स्पष्ट ऐकू येत होता.