ड्रम खालीवर कोणी करायचे

ओल्या कचऱ्याचं खत सोसायटीतच करा, अशी महापालिकेची नोटीस आली तेव्हा आमच्या मरोळच्या बिल्डिंगमध्ये कोणी पुढे येईना. शेवटी मी आणि समोरच्या फ्लॅटमधली माझी मैत्रीण तयार झालो. आमची मुलं एकत्र वाढलेली, घराच्या जादा चाव्या एकमेकींकडे.

पंपाच्या खोलीमागे भोकं पाडलेले दोन ड्रम ठेवले. रविवारी आम्ही आरेला जायचो, रस्त्याकडेचा सुका पाला गोणीत भरायचो, तबेल्यातून शेण घ्यायचो. शेणाची बादली बघून रिक्षावाले थांबायचे नाहीत. आम्ही हसत बसायचो.

अशीच एकदा रिक्षाची वाट बघताना मी तिला आजोबांबद्दल सांगितलं. आम्ही बौद्ध, हे बिल्डिंगला माहीत होतं. पण आजोबा गावाहून येऊन कुर्ल्याला रस्ते झाडायच्या नोकरीला लागले, त्या पगारावर बाबा शिकले आणि बँकेत गेले, हे मी कोणापाशी बोलले नव्हते. आजोबा बाबांना घरातल्या झाडूलाही हात लावू देत नसत. ऐकता ऐकता तिने माझा हात धरला. ‘‘बरं झालं सांगितलंस गं,’’ म्हणाली.

पुढे ड्रममधला कचरा खालीवर करणारा सोसायटीचा सफाईवाला काम सोडून गेला. मीटिंग बोलावली. प्रत्येक घराने आठवडाभराची पाळी घ्यावी, असं सेक्रेटरी म्हणाले. कोणाची कंबर दुखत होती, कोणाच्या घरी सोवळं होतं. तेव्हा माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, ‘‘पाळ्या कशाला? ही करेल ना. हिला त्याची घाण नाही वाटत. हिच्या आजोबांचं कामच होतं ते.’’

कौतुक करावं तशा सुरात बोलली. दोन-चार माना हलल्या. कोणीतरी म्हणालं, ‘‘मग प्रश्नच मिटला.’’ ज्या हाताने तिने माझा हात धरला होता, तो तिच्या मांडीवर शांत पडलेला मला दिसत होता.

‘‘पाळ्याच लावा,’’ मी म्हणाले. ‘‘माझी आली की मी करीन.’’ आणि उठले.

सकाळी ती वाटीभर शिरा घेऊन आली. ‘‘रागावलीस? मी चांगल्या अर्थानेच बोलले.’’

‘‘ते मी तुला सांगितलं होतं. मीटिंगला नाही.’’

‘‘अगं, पण त्यात लपवण्यासारखं काय आहे?’’

मी लपवलं नव्हतं, तिच्या हवाली केलं होतं. हे तिला कसं समजवायचं, ते अजून मला कळलेलं नाही. शिरा मी ठेवून घेतला, खाल्ला मात्र कोणीच नाही.

पाळ्या कधी लागल्याच नाहीत. ड्रममध्ये अळ्या झाल्या, वास पहिल्या मजल्यापर्यंत चढला, तेव्हा कमिटीने ते भंगारात दिले आणि एका कंत्राटदाराला काम दिलं. आमच्या घरचं खत मी आता गॅलरीत मातीच्या कुंडीत करते. आरेला पाला आणायला एकटीच जाते.

बिल्डिंगमध्ये आमचं भांडण झालं, असं कोणाला वाटत नाही. दिवाळीला फराळाची ताटं जातात-येतात. फक्त सकाळी बाहेर पडण्याआधी मी दाराच्या भिंगातून बघते. ती लिफ्टपाशी उभी असली तर ती खाली जाईपर्यंत थांबते.