हेडफोनमधलं रडणं

हेडफोनमध्ये बाळ रडत होतं.

दुपारचे सव्वातीन. नांदगाव खंडेश्वर नुकतंच मागे पडलं होतं. अतिवृष्टीनंतरच्या पाहणीसाठी आमचं हेलिकॉप्टर अकोल्याकडे निघालेलं. कापूस मातीमोल झाल्याची ती वर्षं. खाली काळ्या रानात कपाशीच्या पराट्या उभ्याच कुजलेल्या. मैलभर माणूस नाही.

कॅप्टन मी होते. बाळंतपणानंतर पुन्हा उडायला लागून दोनच महिने झाले होते. लेक सई अकोल्यात माझ्या आईकडे.

रेडिओत काहीतरी मिसळलं असेल, म्हणून आवाज कमी केला. रडणं कमी झालं नाही. रेडिओ बंद केला. तरी चालूच. मध्येच श्वास कोंडायचा, मग पुन्हा हुंदका.

"दीपक, तुला काही ऐकू येतंय?"

को-पायलट दीपक समोरच बघत राहिला. "निगेटिव्ह, मॅडम."

सांगितलं तर काय होणार, ते मला ठाऊक होतं. सीओंनी, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरांनी, मी परतले त्या पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "बाळ सोडून मन लागेल?" पण कानांचा भरवसा नसताना यंत्र हातात ठेवायचं नसतं.

"यू हॅव कंट्रोल्स," मी म्हणाले. म्हणजे, आता तू चालव.

अकोल्यात चाकं टेकली आणि रडणं तुटलं. मी आईला फोन लावला.

"आई, सई रडली काय आता?"

"नाही वं. दोन वाजतापासून झोपूनच हाये. तू काहून इचारून राहिली?"

सई नाही, तर कोण?

मी रिपोर्ट दिला. मला ग्राउंड केलं, म्हणजे उडणं बंद. आधी कानांची तपासणी, मग मनाची. सगळं नॉर्मल. तरी फाइलवर शेरा आला, 'लहान मुलाची ओढ.' हेलिकॉप्टरला कुणी हातही लावला नाही.

सहा आठवड्यांनी परतले, तेव्हा दीपक हँगरमागे थांबला होता.

"मॅडम, मीही ऐकलं होतं. तुम्ही विचारायच्या आधीपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"घाबरलो. नंतर तुमचं मूल लहान आहे म्हणून सगळ्यांना पटलं. मग राहूनच गेलं."

त्याचं तर लग्नही झालेलं नव्हतं.

मी त्याला तसाच सीओंसमोर उभा केला. ऐकून त्यांनी माझी फाइल मागवली. मग तिच्यावरचा शेरा त्यांनी स्वतः खोडला. त्या दिवशी हेलिकॉप्टरची वायर न् वायर उघडली. काही सापडलं नाही. रिपोर्टमधली कारणाची जागा कोरीच राहिली.

नव्या पायलटांना मी सांगते, ऐकू आलं की लगेच बोला. एकीने सांगितलं तर डॉक्टर बोलावतात. दोघांनी सांगितलं तर इंजिनिअर.