अक्कांची घडीची खुर्ची

त्या दिवशी सकाळी फोन वाजला आणि सरोजाक्कांची मुलगी म्हणाली, "अक्का गेली." महिना झाला... अजून फोन वाजला की मी लगेच उचलत नाही. अक्कांचा असेल म्हणून पूर्वीही उचलत नसे म्हणा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या मराठी महिला मंडळाची अध्यक्षा; पुण्याहून आलेली, त्यामुळे नाक वर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची निमंत्रणं मी विधवा सभासदांना परस्पर पाठवलीच नाहीत. अक्काही त्यांतल्याच. टीव्हीवर तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांवरचा महाभियोग गाजत होता. बायका म्हणाल्या, हिलाही तसंच काढू या. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेल्या अक्का म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. पण आपल्या राष्ट्रपतींना काढतात तसं. बाई शिष्ट आहे, हे कारण चालत नाही. घटनेचा भंगच लागतो." मंडळाच्या घटनेत सगळ्या सभासद समान होत्या. म्हणजे भंग झालाच होता.

एक चतुर्थांश सभासदांच्या सह्यांची नोटीस आली, चौदा दिवसांची. या शहरात पोटभर मराठी बोलायला मला तेवढीच जागा होती. ती गेली तर? बेल वाजली की या अध्यक्षाबाई स्वयंपाकघरात दडायच्या. पाचव्या दिवशी बेल थांबेचना. दारात अक्का.

"बचाव लिहिलास? बाजू मांडायचा हक्क राष्ट्रपतींनाही असतो. वही आण."

"पण आरोप तुम्हीच लिहिलाय ना?"

"मग? स्वल्प, थोडं नीट लिही, नाहीतर मला मजा नाही."

आमच्या मल्लेश्वरम शाखेनं दोन तृतीयांश मतांनी आरोप मंजूर केला. पहिला हात अक्कांचा. एका सभागृहानं आरोप ठेवायचा, दुसऱ्यानं चौकशी करायची, म्हणून मंडळाच्या दुसऱ्या, कोरमंगला शाखेपुढे मी उभी राहिले. मी टेबलाची कड धरली. अक्कांनी घरून आणलेली घडीची लोखंडी खुर्ची करकरत उलगडली. "ती बसून बोलेल." वहीतलं अक्षर दिसेना. "चुकले," एवढंच म्हणाले... इथंही दोन तृतीयांश हवे होते, तेही हजर असलेल्यांचे नव्हे, एकूण सभासदांचे. एक बाई गावी गेली होती. एक हात कमी पडला.

ऑटोत अक्का शेजारी बसल्या. "वाचलीस. आता निमंत्रण द्यायला ये."

पुढच्या संक्रांतीला पहिलं निमंत्रण त्यांच्या दारी नेलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. तोवर मी दारातच उभी होते.

ती खुर्ची त्यांच्या मुलीनं मला पाठवली. परवा सुनेचा भयंकर राग आला. तोंड उघडण्याआधी खुर्ची उलगडली. ती करकरली, आणि मला कोरमंगल्याची ती सभा आठवली.

"बस," मी सुनेला म्हटलं. "आधी तू सांग."