हॉलंडच्या शेतकरणीच्या रेघा

मुलीच्या शाळेत दरवर्षी देशोदेशींच्या पोशाखांचा दिवस असतो. मागच्या वर्षी ती माझ्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये जपान होऊन गेली आणि सगळा वर्ग हसला. यंदा वाट्याला हॉलंड आलं तेव्हा तिने बजावलं, पोशाख खराखुरा नसेल तर ती मस्कतमधल्या घुब्र्याच्या आमच्या फ्लॅटमधून बाहेरच पडणार नाही.

खुवैरच्या आमच्या ऑफिसात साहेब डच आहेत. त्यांच्या केबिनमध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून काळ्या शाईत छापलेल्या जुन्या चित्रांची रांग आहे, सगळ्या शेतकरणी. एकीचा मी मोबाइलवर फोटो काढला. साहेबांनी समजावलं की टोपीवरून गाव कळतं आणि कमरेच्या किल्ल्यांवरून घरात कोणाचं चालतं ते. टोपलीतल्या अंड्यांचा अर्थ विचारला तर ते लाल झाले आणि म्हणाले, शाळेसाठी अंड्यांऐवजी कांदे ठेवा.

वरच्या मजल्यावरच्या वसईच्या आंटी शिवणात तरबेज. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि निकाल दिला: कापड रेघांचं आहे, घागऱ्याला उभ्या, बाहीला तिरक्या. मी रुवीच्या बाजारातून तसंच कापड आणलं. रेघा नीट तिरक्या याव्यात म्हणून आंटींनी बाही दोनदा उसवली.

आदल्या दिवशी साहेबांना तयार पोशाखाचा फोटो दाखवला. त्यांना हसू आवरेना. कापड साधंच होतं म्हणे. अशा चित्रांत सावली दाखवायला रेघाच कोरतात.

घरी येऊन मुलीला आणि आंटींना सांगितलं. आंटींनी फोटो पुन्हा मोठा केला.

"बाय, मग हिच्या गालावर पण रेघा हायत. त्या आपल्याला कशा नाय दिसल्या?"

मुलीने फोन ओढून घेतला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"आई, मग मी बाई नाही होत. मी ते... चित्रच होते. तुझी आयब्रो पेन्सिल दे."

सकाळी आंटींनी आणि मी तिच्या गालांवर, हातांवर, सावली पडेल तिथे रेघा ओढल्या. कमरेला घरच्या किल्ल्या बांधल्या. त्यात माझ्या बटणावर सुरू होणाऱ्या गाडीचीही होती, हे शाळेत पोचल्यावर लक्षात आलं, म्हणून मला ऑफिस सोडून शेवटपर्यंत थांबावं लागलं.

वर्ग हसायच्या तयारीतच होता. ती बरोबर आणलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीत पापणीही न हलवता उभी राहिली. मग पोरं जवळ येऊन बोटाने रेघा तपासायला लागली.

पेन्सिल वॉटरप्रूफ होती. रेघा दोन दिवस गेल्या नाहीत. तिने फारसं घासलंही नाही.