बंधनरक्षक फादर बाप्तिस्त

फादर बाप्तिस्त यांची माझी पहिली ओळख झाली, तेव्हा ते आमच्याविरुद्ध उभे होते. गौरवग्रंथातल्या लेखाला ही सुरुवात शोभत नाही. पण ती खरी आहे.

निजामी अमदानीची अखेरची वर्षे. मी नांदेडला मुन्सिफाच्या अदालतीत पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद मांडणारा कारकून, होतो. धाकटी बहीण मार्था हिचे लग्न चुलत्यांनी दमदाटीने लावले होते आणि ती लवकरच माहेरी परतली होती. आम्हा कॅथलिकांत घटस्फोट नाही. मात्र धाकाने लावलेले लग्न मुळात लग्नच नव्हे, असे धर्माचे न्यायालय ठरवू शकते. म्हणून हैदराबादच्या बिशपांच्या न्यायालयात अर्ज केला. तीन पाद्री न्यायाधीश होते आणि फादर होते 'बंधनरक्षक'. म्हणजे लग्न खरेच आहे अशी बाजू मांडायला नेमलेले. नवरा गप्प होता, भांडत होते हे!

आमची मुख्य साक्षीदार लातूरची सालूमावशी. साक्षी नांदेडला नोंदवल्या जात होत्या, पण चुलत्यांच्या भीतीने ती तिथे येईना. फादरांना ते सोयीचेच होते. तरी साक्ष नोंदवणाऱ्या पाद्रींना घेऊन ते धूळ खात लातूरला गेले. घर दाखवायला मी होतो.

"मुलगी मनापासून 'हो' म्हणाली का?"

"कशाला म्हणंल? लई रडून राहिली होती. तिचा चुलता चाबूक घिऊन दारात!"

फादरांनी तेच इतके उलटसुलट विचारले की मावशी वैतागली, "किती डाव सांगू वो, बाबा!" पण तिचा शब्द न् शब्द त्यांनी नोंदवून घ्यायला लावला.

निकाल आमच्या बाजूने लागला. आईने पेढे वाटले. आणि फादर स्वतः दारात येऊन म्हणाले, "मी मद्रासला अपील केलंय."

माझे डोके फिरले. "आमच्या अदालतीत हरलेला माणूस अपील करतो. नवऱ्यानं केलं नाही, मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नियमानं. पहिल्यांदा लग्न रद्द ठरलं की रक्षकाला वर जावंच लागतं. दोन न्यायालयांचं एकमत झाल्याशिवाय मार्था मोकळी होत नाही."

आईने विचारले, "मंग तुमी हाव कोणाकडून?"

"आई, मी लग्नाकडून."

आई पातेले आपटत आत गेली.

तिकडे देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बायका मार्थाशेजारी बसेनाशा झाल्या होत्या. देवळाचा कारभार तेव्हा नुकताच फादरांकडे आला होता. पुढच्या रविवारी त्यांनी मुलींचा धर्मशिक्षणाचा वर्ग सर्वांसमक्ष तिच्याकडे सोपवला. "खटला चालू असणं हे पाप नाही," एवढेच ते बोलले. अशा माणसावर धड रागावताही येत नाही!

मद्रासचे उत्तर येता येईना. रेल्वेत नोकरीला असलेला जोसेफ मार्थाशी लग्न करायला थांबला होता. त्याच्या घरचे कुरकुरू लागले. शेवटी मद्रासनेही तोच निकाल दिला.

"आता रोम का?" मी थकून विचारले.

"तिथं जायचं की नाही, ते आता माझ्या विवेकावर आहे." आणि आठवडाभर खटल्याचे कागद पुन्हा वाचत बसले! मग म्हणाले, "नाही जाणार. मावशींचं मी स्वतः ऐकलंय."

मार्थाचे जोसेफशी लग्न त्यांनीच लावले. वेदीपुढे तिला पुन्हा पुन्हा विचारू लागले, कोणाचा धाक नाही ना, मन खरेच आहे ना. अखेर मार्थाच म्हणाली, "न्हाई हो, फादर! आता लावा की!" देऊळभर हशा उसळला. फादरांना हसताना मी तेव्हा प्रथम पाहिले.

आज पंचाहत्तरीत त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणे अधिकच कठीण झाले आहे. त्यांचे गुडघे बळकट राहोत, प्रकृती ठणठणीत राहो आणि ते शंभरी पाहोत. निदान पुढच्या हिवाळ्यात तरी त्यांनी नांदेडला यायलाच हवे. मार्थाच्या लेकीचे लग्न आहे, आणि दुसरे कोणी पाद्री तिला चालत नाहीत.